नक्कल करणाऱ्याशीच भागीदारी : होंडा आणि सनडिरो, चीन २००१

२००१ साली होंडा या जपानी कंपनीने चीनच्या दक्षिणेकडील हायनान बेटावरच्या सनडिरो या मोटारसायकल कंपनीशी निम्म्या-निम्म्या भागीदारीचा करार केला आणि त्यातून सनडिरो-होंडा ही संयुक्त कंपनी उभी राहिली. वरवर पाहता यात नवे काही नव्हते. परदेशी वाहन कंपनीने चीनमध्ये स्थानिक भागीदार घेऊनच कारखाना काढायचा, ही त्या देशाची रीतच होती आणि होंडाच्या तेथे आधीपासून तीन संयुक्त कंपन्या होत्या. वेगळेपण होते ते भागीदाराच्या निवडीत. सनडिरो ही त्याआधीची काही वर्षे होंडाच्याच गाड्यांच्या नकला बनवून विकत होती. ज्याला कोर्टात खेचायचे त्याच्याशीच सोयरीक जुळवण्याचा हा निर्णय तेव्हा अनेकांना अनाकलनीय वाटला आणि आजही चीनमधील परदेशी दुचाकी कंपन्यांचा विषय निघाला की तो वादाचा ठरतो. होंडाने या करारात नेमके काय विकत घेतले आणि ते तिला कोठे उपयोगी पडले, हा या अभ्यासाचा विषय आहे. माझ्या मते त्याचे उत्तर चीनच्या बाजारात शोधत बसल्यामुळेच या निर्णयाचे मोल बहुतेकांना नीट लावता आलेले नाही.

बाजार कसा घडला

चीनमधील मोटारसायकल उद्योगाची मुळे लष्करी कारखान्यांत आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर दारूगोळा आणि शस्त्रे बनवणाऱ्या कारखान्यांना नागरी वापराच्या वस्तू काढण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी नैऋत्य चीनमधील चोंगचिंग शहरातल्या जियालिंग कारखान्याने १९७९ मध्ये सीजे५० ही छोटी दुचाकी बनवली. यंत्रे होती, कुशल कामगार होते, पोलाद कापण्याची आणि घासण्याची सवय होती. गाडीचे स्वतःचे डिझाइन तेवढे नव्हते. ते जपानकडून आले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला होंडाने जियालिंगला तंत्रज्ञान पुरवले. यामाहा आणि सुझुकी यांनीही अशाच सरकारी कारखान्यांशी करार केले. पुढे १९९२-९३च्या सुमारास होंडाने ग्वांगजौमध्ये वूयांग-होंडा, चोंगचिंगमध्ये जियालिंग-होंडा आणि त्यानजिनमध्ये तिसरी अशा संयुक्त कंपन्या काढल्या. याच काळात आपल्याकडे होंडाचे हिरो आणि पुण्याचे कायनेटिक या दोघांशीही १९८४ पासूनचे संयुक्त प्रकल्प सुरू होते, त्यामुळे भागीदार घेऊन परक्या देशात उतरण्याचे तंत्र तिला नवे नव्हते.

१९९३ मध्ये चीन जपानला मागे टाकून जगातील सर्वांत मोठा मोटारसायकल उत्पादक झाला आणि १९९७ पर्यंत वर्षाचे उत्पादन १ कोटीवर गेले. अशा बाजारात जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपनीचा वाटा वाढायला हवा होता. प्रत्यक्षात तो आकसत गेला.

याचे एक कारण गिऱ्हाईक बदलले हे होते. मोठ्या शहरांनी दुचाकींवर बंधने घालण्यास सुरुवात केली होती. बीजिंगने १९८०च्या दशकातच शहराच्या मध्यभागासाठी नव्या नंबरप्लेट देण्यावर निर्बंध आणले, ग्वांगजौने आधी नवी नोंदणी थांबवली आणि १ जानेवारी २००७ पासून शहरात मोटारसायकल चालवण्यासच बंदी केली, आणि शंभरावर शहरे या ना त्या स्वरूपात त्याच वाटेने गेली. जपानी दर्जासाठी जास्त पैसे मोजू शकणारा शहरी नोकरदार अशा रीतीने बाजारातून बाहेर पडला. उरला तो खेड्यातला आणि तालुक्याच्या गावातला माणूस, ज्याला शेतमाल बाजारात न्यायचा होता, मागे बायको आणि पुढे मूल बसवून सासरी-माहेरी जायचे होते. २००० साली चीनच्या ग्रामीण भागातील दरडोई वार्षिक निव्वळ उत्पन्न २,२५३ युआन होते. या माणसाला दहा वर्षे टिकणारी गाडी नको होती असे नाही. दहा वर्षांचे पैसे आज मोजणे त्याला शक्य नव्हते, एवढेच.

सीजी१२५ : ज्या इंजिनाने सगळे सोसले

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची वस्तू एक इंजिन आहे आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७०च्या दशकात विकसनशील देशांत विकल्या गेलेल्या आपल्या १२५ सीसी गाड्या लवकर का खराब होतात याची पाहणी होंडाच्या तंत्रज्ञांनी केली, तेव्हा दोष गाडीपेक्षा वापराच्या पद्धतीत दिसून आला. लोक इंजिनात तेल बदलत नव्हते, एअर फिल्टर साफ करत नव्हते, दोन माणसांच्या गाडीवर चार माणसे आणि धान्याचे पोते लादत होते. त्या वेळच्या नव्या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारी उंचवट्यांची दांडी, सिलिंडरच्या डोक्यावर असे आणि ती साखळीने फिरे. घाण झालेले तेल वरपर्यंत नीट पोहोचले नाही की कॅम आणि तिचे बेअरिंग झिजत असत.

लोकांच्या सवयी बदलण्याच्या भानगडीत न पडता होंडाने इंजिनच बदलले. १९७६ मध्ये आलेल्या सीजी१२५ मध्ये कॅम खाली, पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याजवळ (क्रँकशाफ्ट), तेलाच्या साठ्याच्या निकट आणली होती. ती साखळीने नव्हे तर थेट गिअरने फिरत होती आणि तिची हालचाल लांब सळईच्या (पुशरॉड) साहाय्याने वरच्या रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफेपर्यंत, जात होती. कॅमवर एकच उंचवटा होता आणि तोच दोन्ही व्हॉल्व्ह उघडत असे. पुशरॉड हे तंत्र तेव्हाच्या मोटारसायकलींत जुनाट समजले जाई आणि वेगाच्या शर्यतीत ज्या कंपनीने नाव कमावले तिने ते पुन्हा उचलणे, ही मला तिच्या इतिहासातील फार मोठ्या मनाची गोष्ट वाटते. ब्राझीलमध्ये मानाउस येथे याच गाडीने होंडाचा पाया घातला, आणि चीनमध्येही १२५ सीसी गाडी म्हणजे सीजी हे समीकरण पक्के झाले.

चीनमध्ये मात्र या गुणांची दुसरी बाजू उघडी पडली. जे इंजिन जुने तेल, धूळ आणि जादा ओझे सोसते, ते पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधील थोडीफार चुकलेली मापेही सोसते. कॅमची साखळी नाही, साखळीचा ताण धरणारा टेन्शनर नाही, डोक्यावरची गुंतागुंत नाही. त्यामुळे साध्या लेथवर काम करणाऱ्या कारखान्यालाही त्याचे भाग घडवता आले आणि जोडणीत काही शतांश मिलिमीटर कमी-जास्त झाले तरी इंजिन सुरू झाले आणि चालत राहिले. होंडाने निष्काळजी मालकासाठी जी सहनशीलता त्या इंजिनात घातली होती, तिचा फायदा निष्काळजी कारखानदारालाही मिळाला. साखळीवर फिरणारी डोक्यावरची कॅम असलेले, नाजूक मापांचे इंजिन चीनमध्ये आधी रुजले असते तर नकलेची लाट थांबली असती असा माझा दावा नाही, पण ती इतक्या लवकर इतकी उंच चढली नसती, असे मला ठामपणे वाटते.

सुट्या भागांचा बाजार

चिनी नक्कल म्हटले की एखादा कारखाना जपानी गाडी उलगडून ती जशीच्या तशी बनवतो असे चित्र डोळ्यांसमोर येते. वस्तुस्थिती वेगळी होती. तेथे नक्कल गाडीची कमी आणि भागांची अधिक झाली. सरकारी कारखान्यांना भाग पुरवणारे छोटे उद्योजक तेच भाग दुरुस्तीच्या बाजारातही विकू लागले. हळूहळू सीजी१२५ चा सिलिंडर, त्याचा पिस्टन, क्लच, कार्ब्युरेटर, पेट्रोलची टाकी, चेसिस असा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे, कित्येक उत्पादकांकडून, एकमेकांत बसेल अशा मापात मिळू लागला. ज्याच्याजवळ एक शेड, काही कामगार आणि थोडे भांडवल होते तो भाग गोळा करून गाडी उभी करू शकत होता.

लिफान या कंपनीची सुरुवात या बाजाराचे नेमके दर्शन घडवते. इन मिंगशान या उद्योजकाने १९९२ मध्ये चोंगचिंगमध्ये ९ माणसे आणि २ लाख युआन घेऊन ती काढली. जियानशे या सरकारी कारखान्याच्या इंजिनाचे सारे भाग दुरुस्तीच्या दुकानांत सुटे मिळतात आणि त्यांची बेरीज पूर्ण इंजिनाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी भरते, हे त्यांच्या ध्यानात आले. ते भाग आणून त्यांनी इंजिने जोडून विकली. कारखान्याच्या लक्षात आल्यावर त्याने काही मोजके भाग त्यांना विकण्याचे बंद केले, तेव्हा इन यांनी ते भाग स्वतः बनवून घेतले. काही वर्षांत लिफान, झोंगशेन आणि लोनसिन या चोंगचिंगच्या खाजगी कंपन्या सरकारी कारखान्यांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या.

तेव्हा तोक्यो विद्यापीठात असलेले संशोधक ताकाहिरो फुजिमोतो यांनी या रचनेचा अभ्यास करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. जपानी मोटारसायकल एकसंध विचाराने रचलेली असते, तिचा प्रत्येक भाग त्याच गाडीसाठी, दुसऱ्या भागाशी जुळवून काढलेला असतो. चीनमध्ये नकलेच्या रेट्याखाली तीच गाडी बाजारात मिळणाऱ्या सर्वमान्य भागांची जोडणी होऊन बसली. पिंपरी-चिंचवड किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी काम केले आहे त्यांना यातला फरक चटकन समजेल. आपल्याकडे दुचाकी कंपनीचा व्हेंडर कंपनीच्या ड्रॉइंगवर, बहुधा कंपनीच्याच मालकीच्या साच्यावर (डाय) माल काढतो आणि तो माल इतरांना विकण्याची मुभा त्याला सहसा नसते. चोंगचिंगमध्ये हे बंधन सैल झाले आणि ड्रॉइंग जणू गावजेवणाची पंगत झाली.

परिणाम किमतीवर झाला. कारखाने वाढत गेले, एकमेकांच्या खाली दर उतरवत गेले आणि गाडी काही हजार युआनांत मिळू लागली. ती होंडाइतकी टिकत नव्हती, याबद्दल विकणाऱ्यालाही शंका नव्हती. पण ती बिघडली तर तालुक्याच्या गावातील दुकानात तिचा भाग लगेच मिळत असे, कारण तो सगळ्यांचाच भाग होता.

२००० साली होंडापुढे असलेले मार्ग

पहिला मार्ग न्यायालयाचा. जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवण्याच्या तयारीत चीनने २००० मध्ये पेटंटचा आणि २००१ मध्ये ट्रेडमार्कचा कायदा सुधारला होता, त्यामुळे दावे लढवण्यास जागा होती आणि होंडाने ते लढवलेही. लिफान आपल्या गाड्यांवर 'होंगदा' असे नाव लावत असे. त्याविरुद्धच्या दाव्यात बीजिंगच्या न्यायालयाने २००४ च्या डिसेंबरात होंडाच्या बाजूने निकाल देऊन १४.७ लाख युआन भरपाई मंजूर केली. यामाहाला याच प्रकारच्या एका प्रकरणात सर्वोच्च जन न्यायालयाने २००७ मध्ये ८३ लाख युआन मिळवून दिले. हे निकाल तत्त्वाच्या दृष्टीने मोलाचे होते. परंतु लाखो गाड्या खपवणाऱ्या कंपनीला ही रक्कम जड नव्हती आणि न्यायालय नाव काढायला लावू शकत होते, इंजिन विसरायला लावू शकत नव्हते. शिवाय दावा लावायचा तरी कोणावर? चेसिस एकाची, इंजिन दुसऱ्याचे आणि टाकीवरचे नाव तिसऱ्याचे अशी स्थिती होती.

दुसरा मार्ग बाजार सोडून महागड्या गाड्यांपुरते राहण्याचा होता. यावर फार विचार करण्याची गरज नव्हती, कारण नकला चीनपुरत्या राहणार नव्हत्या. १९९९ नंतर चिनी भागांचे संच व्हिएतनाममध्ये येऊन तेथे जोडले जाऊ लागले आणि अक्षरशः दोन वर्षांत तो बाजार काही पटींनी वाढला. वाढीचा बहुतेक भाग चिनी गाड्यांनी नेला. जेथे मोटारसायकलला बोलीभाषेत 'होंडा' हाच शब्द होता, त्या देशात होंडाचा वाटा कोसळला. इंडोनेशिया आणि थायलंड हे होंडाच्या कमाईचे खरे गड होते, आणि पुढची पाळी त्यांची होती. माझ्या मते सनडिरोचा करार याच भीतीपोटी झाला.

तिसरा मार्ग, म्हणजे चिनी कंपन्यांच्या दराने स्वतः गाडी बनवणे, हा होंडाच्या तत्कालीन संयुक्त कंपन्यांना जमण्यासारखा नव्हता. त्यांचे पुरवठादार जपानी मानकांनुसार निवडलेले, अनेक भाग जपानमधून येणारे आणि त्यामुळे एकूण खर्चाचा पायाच उंच होता. स्वस्त भाग कोण बनवतो, त्यांतील कोणाचा माल खरोखर चांगला आहे आणि कोणाचा केवळ दिसायला चांगला आहे, हे ज्ञान होंडाजवळ नव्हते. ते नक्कल करणाऱ्यांजवळ होते.

म्हणून सनडिरो. ही नकला करणाऱ्यांत मोठी, शेअर बाजारात नोंदलेली, हायकौ येथे कारखाना आणि चीनभर विक्रीचे जाळे असलेली कंपनी होती. तिच्याकडे पुरवठादारांची यादी होती आणि त्यांच्याकडून दर पाडून घेण्याचा अनुभव होता. होंडाने त्यानजिनची आपली कंपनी या नव्या व्यवस्थेत आणली आणि २००२ मध्ये शांघायमध्ये मोटारसायकल संशोधनाची कंपनी स्थापन केली. काम पुष्कळसे कंटाळवाणे आणि चिकाटीचे होते: स्थानिक पुरवठादारांचे भाग तपासायचे, जे पास होतील ते घ्यायचे, जे थोड्या मदतीने पास होतील त्यांच्या कारखान्यात माणसे पाठवायची, आणि जपानी मापदंडांपैकी कोणते खरोखर गिऱ्हाइकाच्या कामाचे आहेत व कोणते केवळ सवयीने चालत आले आहेत ते वेगळे काढायचे. यातील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते, कारण ती स्वतःच्या अभियंत्यांच्या अभिमानाला बोचते.

कोठे काय घडले

एक परिणाम चीनमध्ये नव्हे, जपानमध्ये दिसला. २००२ च्या ऑगस्टमध्ये होंडाने 'टुडे' ही ५० सीसी स्कूटर जपानी बाजारात आणली, ती सनडिरो-होंडाने चीनमध्ये बनवलेली होती आणि तिची किंमत ९४,८०० येन होती. १ लाख येनांच्या आतली होंडा स्कूटर, आणि तीही चिनी बनावटीची, ही त्या वेळी मोठी घटना होती. एके काळी नकला जोडणाऱ्या कंपनीच्या कारखान्यातून निघालेली गाडी जगातील अत्यंत चोखंदळ गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली. भागीदारीत घातलेल्या शिस्तीचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा दिसत नाही.

दुसरा आणि अधिक मोठा परिणाम व्हिएतनाममध्ये झाला. २००२ च्या सुरुवातीला तेथे आलेल्या 'वेव्ह अल्फा' या गाडीत चिनी पुरवठादारांकडून घेतलेले भाग वापरून होंडाने किंमत आपल्या आधीच्या गाडीच्या मानाने खूपच खाली आणली. ती चिनी गाड्यांपेक्षा थोडी महाग होती, पण आता फरक एवढा उरला नव्हता की माणसाने टाकीवरचे नाव सोडून द्यावे. त्याच वर्षी व्हिएतनाम सरकारने आयात भागांवर कोटा लावला, त्याचाही या उलथापालथीत हात होता आणि सगळे श्रेय एका गाडीला देणे बरोबर होणार नाही. उलट त्या कोट्याचा फटका होंडाच्या स्वतःच्या उत्पादनालाही बसला. तरीही काही वर्षांत चिनी गाड्या मागे पडल्या आणि व्हिएतनाम पुन्हा होंडाचा झाला, तो आजतागायत आहे.

चीनमध्ये मात्र असे झाले नाही. २००८ मध्ये देशाचे उत्पादन २ कोटी ७५ लाखांच्या घरात गेले, आणि त्या शिखरावरही होंडाच्या संयुक्त कंपन्या अनेकांपैकी काही एवढ्याच राहिल्या. २००३ पासून अनेक वर्षे पहिला क्रमांक टिकवला तो ग्वांगदोंगमधील जियांगमेन येथील हाओजुए या कंपनीने. तिने सुझुकीचे तंत्रज्ञान घेतले, सुझुकीच्या शिस्तीने गाडी बनवली आणि ती स्वतःच्या नावाने, थोड्या चढ्या दराने खेड्यांत विकली. चिनी गिऱ्हाइकाला केवळ स्वस्ताई हवी असते हा समज हाओजुएने खोटा ठरवला. २००९ मध्ये सरकारने ग्रामीण मोटारसायकल खरेदीवर १३ टक्के अनुदान दिले, त्यात ५,००० युआनांवरील गाडीसाठी सरसकट ६५० युआनांची मर्यादा होती. खेड्यातील गाडीची रास्त किंमत सरकारच्या हिशेबी कोठे होती, ते या आकड्यावरून कळते. होंडाचा माल त्या रेषेच्या आसपास पोहोचला, पण तोवर तेथे हाओजुए ठाण मांडून बसली होती. जियालिंग-होंडा तर पुढे मोटारसायकल सोडून जनरेटर आणि पंपांच्या इंजिनांकडे वळली.

या कराराविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मी हलका मानत नाही. ज्याने आपले डिझाइन उचलले त्यालाच निम्मी भागीदारी दिली, तर इतर नकलाकारांना आपण कोणता संदेश देतो? प्रामाणिकपणे परवाना घेऊन, शुल्क भरून गाडी बनवणाऱ्या भागीदाराला काय वाटेल? वूयांग आणि जियालिंग यांच्याशी होंडाची जुनी नाती होती आणि सनडिरोचा दर्जा त्यांच्या बरोबरीचा ठरणे हा त्यांच्यावर अन्याय होता, असे म्हणण्यास जागा आहे. तरीही दोन गोष्टी विसरता येत नाहीत. लिफानवरील दावा होंडाने करारानंतरही सोडला नाही. म्हणजे एकाला घरात घेतले म्हणून दुसऱ्याला माफी मिळाली नव्हती. आणि जपानचा स्वतःचा मोटारसायकल उद्योगही युद्धानंतर अशाच वाटेने उभा राहिला होता. १९५०च्या दशकात तेथे दोनशेवर उत्पादक होते, आणि यामाहाची १९५५ मधील पहिली गाडी वायए-१ ही जर्मन डीकेडब्ल्यू आरटी१२५ वरून घेतलेली होती. त्या गर्दीतून तरून आलेल्या कंपनीला पुढे कोण तरणार हे ओळखण्याची नजर असणे स्वाभाविक होते.

होंडाचा खरा दोष मला करारात नव्हे, त्याआधीच्या दशकात दिसतो. ज्या कंपनीने १९७०च्या दशकात गरीब देशांतील मालकाच्या सवयी इतक्या बारकाईने पाहून सीजी१२५ घडवली, तिने १९९०च्या दशकात चीनच्या खेड्यातील मालकाची ऐपत तितक्याच बारकाईने पाहिली नाही. तो अभ्यास लिफान आणि सनडिरो यांनी केला, आणि होंडाला तो त्यांच्याकडून घ्यावा लागला.

दरम्यान बाजार पुन्हा सरकला आहे. पेट्रोलच्या दुचाकीवर बंदी घालणाऱ्या शहरांत विजेच्या सायकली आल्या. १५ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय मानकानुसार त्यांना पायडल असावे लागे, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि वजन ५५ किलोच्या आत ठेवावे लागे. २०२३ च्या जानेवारीत होंडाने चीनमध्ये कब ई, डॅक्स ई आणि झूमर ई अशा तीन दुचाकी याच मर्यादेत बसवून आणल्या. त्या वूयांग-होंडा आणि सनडिरो-होंडा यांच्यामार्फत विक्रीस आल्या. या वेळचे स्पर्धक चोंगचिंगचे नाहीत. ते वूशी आणि त्यानजिनचे आहेत, आणि त्यांच्या गाड्यांची मोटर, कंट्रोलर व बॅटरी बाजारात सुटी मिळते.